तिला चार की दोन?

भूलशास्त्राच्या एमडीच्या प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक येतात. लाँग केस, शॉर्ट केस, मग टेबलं. एका टेबलावर औषधं, एकावर उपकरणं, एकावर ईसीजी आणि एक्स-रे. लॅरिंगोस्कोपचं (घशात बघायच्या उपकरणाचं) ब्लेड हातात देऊन त्याचे भाग विचारतात, मिट्रल स्टेनोसिस (हृदयाची झडप अरुंद) असलेल्या बाईला सीझरसाठी भूल कशी द्याल ते विचारतात. मुलं घामाघूम होतात. दुपारी परीक्षकांना कळण्याची भाकरी आणि भरीत असतं (ते नीट व्हावं याची काळजी विभागात केसेसपेक्षा जास्त असते) आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटोपतं. या अख्ख्या दिवसात एक गोष्ट मात्र कुणीच बघत नाही. रात्री अडीचला पेशंटच्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन उतरतंय, सर्जन ओरडतोय, सिस्टर नवीन आहेत, सिनियर घरून निघालेत पण पोचलेले नाहीत. तेव्हा हा मुलगा काय करेल?

मी खान्देशातल्या एका सरकारी कॉलेजात भूल शिकवते. मूळची अमळनेरची. कॉलेजचं नाव लिहीत नाही, पेशंटचे आणि मुलांचे तपशीलही बदललेत. तरी ओळखणारे ओळखतील, त्यांनी गप्प बसावं.

तर मुलांच्या वागण्याची परीक्षा आम्ही घेत नाही असं मी म्हटलं खरं, पण रोजच घेत असतो. फक्त ती स्टाफरूममध्ये, चहा पिताना आणि मुलाच्या पाठीमागे. ‘हात चांगला आहे, पण पेशंट बिघडला की गोठतो.’ ‘डोकं थंड आहे पोरीचं.’ ‘अंगावर घेत नाही.’ ‘फार आगाऊ आहे.’ जेआर वनला (ज्युनियर रेसिडेंट, म्हणजे एमडीच्या पहिल्या वर्षाला; पुढे टू, थ्री) असताना चिकटलेलं असं एक वाक्य तीन वर्षं सुटत नाही. ते कशावरून म्हटलं, कोणत्या केसमध्ये काय दिसलं, हे विचारलं तर सांगता येत नाही, आणि ज्याच्याबद्दल म्हटलं त्याला तर कधीच सांगितलं जात नाही. म्हणून विभागात जेव्हा अँट्सचा, म्हणजे भूल देणाऱ्याचं ओटीतलं (ऑपरेशन थिएटरातलं) वागणं बघून गुण द्यायचा, फॉर्म आणायचं ठरलं तेव्हा मी लगेच हात वर केला.

हा फॉर्म स्कॉटलंडचा. ॲबर्डीन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ रोना फ्लिन आणि त्यांचे सहकारी, आणि स्कॉटलंडमधलेच सिम्युलेशन (नकली प्रसंग उभा करून सराव) शिकवणारे भूलतज्ज्ञ, यांनी मिळून तो तयार केला. त्यावरचे लेख २००३ साली ब्रिटिश जर्नल ऑफ ॲनेस्थेशियामध्ये आले. कामाची आखणी, टीमबरोबर काम, परिस्थितीचं भान आणि निर्णय असे चार भाग, त्यांत मिळून १५ ओळी. प्रत्येक ओळीला ४ ते १ गुण. ४ म्हणजे उत्तम, ३ म्हणजे चालण्यासारखं, २ म्हणजे काठावरचं, १ म्हणजे पेशंटला धोका होईल असं. शिवाय एक रकाना ‘दिसलं नाही’चा. हा रकाना मला सगळ्यात आवडतो. न दिसलेल्या गोष्टीला शून्य द्यायचं नाही, अंदाजे तीनही ठोकायचे नाहीत. दिसलं नाही, एवढंच लिहायचं. आमच्याकडच्या इंटर्नल असेसमेंटमध्ये हा रकाना असता तर निम्मी रजिस्टरं कोरी राहिली असती.

हे सगळं लाड म्हणून नाही. बॉस्टनचे जेफ्री कूपर हे डॉक्टर नव्हेत, इंजिनियर. भूल देताना काय काय बिनसतं हे त्यांनी भूलतज्ज्ञांना बसवून विचारलं आणि १९७८ साली छापलं. टाळता आले असते असे ३५९ प्रसंग त्यांनी गोळा केले, त्यांतले ८२ टक्के माणसाच्या चुकीचे निघाले आणि यंत्र सरळसरळ बिघडल्याचे फक्त १४ टक्के. श्वासाच्या नळ्यांचं सर्किट निखळलं, गॅसचा नॉब चुकून फिरला, हातात दुसरीच सिरिंज आली. श्वासनलिकेत ट्यूब टाकता येत नव्हती म्हणून गेलेल्या पेशंटपेक्षा, ट्यूब अन्ननलिकेत गेल्याचं कुणीतरी ओळखलं होतं पण बोललं नाही, असे किस्से मी जास्त ऐकलेत.

आता ज्या केसवरून हे सगळं लिहायला बसले ती सांगते.

पावसाळ्यातली रात्र. लांबच्या तालुक्यातून १०८ने आलेली बाई, पहिलटकरीण, बीपी वाढलेलं, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम चालू. सीझर. भूल आमची एक जेआर टू देत होती, देखरेखीला माझे एक सहकारी, आणि मी फॉर्म घेऊन ट्रॉलीमागे उभी. स्पायनल (पाठीतून दिलेली भूल) छान बसलं. बाळ निघालं, रडलं. आणि मग सर्जन मॅडमचा आवाज बदलला. गर्भाशय आकसत नव्हतं. ते आकसायचं पहिलं औषध, पिटोसिन, चालूच होतं. मॅडम म्हणाल्या, ‘मिथर्जिन द्या.’

जेआर वन फ्रिजकडे पळाला.

मिथर्जिनने गर्भाशय आकसतं, पण रक्तवाहिन्याही आकसतात. ज्या बाईचं बीपी आधीच चढलेलं आहे तिला ते टोचलं तर बीपी कुठे जाईल सांगता येत नाही, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे सर्जनला माहीत नसतं असं नाही. पोटात रक्त भरत असताना तोंडातून सवयीचं औषध निघतं, इतकंच. म्हणून तर डोक्याशी बसलेलं, भूल देणारं माणूस वेगळं असतं.

जेआर टू म्हणाली, ‘मॅडम, बीपी…’ तेही ड्रेपच्या (मधल्या कापडी पडद्याच्या) अलीकडून, खाली बघत, रक्त ओढणारं सक्शन घरघरत असताना. कुणाला ऐकू गेलं नाही. मॅडमनी विचारलं, ‘मिथर्जिनचं काय झालं?’ जेआर वनने ॲम्प्यूलची मान मोडली. तेव्हा तिने आधी त्याच्या मनगटावर हात ठेवला, स्टूलवरून उठली, ड्रेपवरून पलीकडे बघितलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, ‘मॅडम, मिथर्जिन देत नाहीये. बीपी एकशे साठच्या वर आहे. प्रोस्टोडिन देते. दमा नाही, मी विचारलंय. ट्रॅनेक्सा गेलंय.’ (प्रोस्टोडिननेही गर्भाशय आकसतं, पण दमा असेल तर ते टाळतात. ट्रॅनेक्सा रक्तस्राव कमी करायला.)

एक क्षण सगळं थांबलं. मॅडम म्हणाल्या, ‘हां, बरोबर. प्रोस्टोडिन द्या.’

नंतर तिने जेआर वनला ब्लड बँकेत फोन करायला सांगितला, वर ‘कोण बोलतंय त्याचं नाव घे’ हेही सांगितलं. सिस्टरना प्रोस्टोडिनची वेळ लिहायला सांगितली. पॅरामेडिकल कोर्सचा एक पोरगा दाराशी उगाच उभा होता, त्याला वॉर्मरमधले सलाइन आणायला पिटाळलं. गर्भाशय आकसलं. बाई चौथ्या-पाचव्या दिवशी बाळाला घेऊन घरी गेली.

‘अधिकार आणि ठामपणा’ अशी एक ओळ फॉर्मात आहे. मी तिथे ४ लिहिले. माझ्या सहकाऱ्यांनीही स्वतंत्र फॉर्म भरला होता, त्यात तिथे २.

सकाळी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून बसलो. ‘देत नाहीये म्हणजे काय?’ ते म्हणाले. ‘न दिलेलं बरं असं वाटतं, असं म्हणता आलं असतं. उद्धटपणा आहे हा.’ हा माणूस वाईट नाही. मुलांना जीव लावून शिकवतो, रात्री फोन उचलतो. त्यांचं म्हणणं असं: ही मुलगी उद्या पास होऊन चोपड्याला नाहीतर शहाद्याला जाणार, चार नर्सिंग होमला फ्रीलान्स भूल देणार. तिथे केस सर्जनच्या फोनवर येते. एक सर्जन दुखावला की फोन थांबतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतल्या दुसऱ्याचाही थांबतो. ‘तिला जगायला शिकवा मॅडम, नुसतं बोलायला नको.’

हे खोटं नाही. इकडे छोट्या गावात भूल देणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे, आणि स्कॉटलंडच्या फॉर्ममध्ये याला जागा नाही.

मी त्यांना विचारलं, तिचं पहिलं वाक्य ऐकलंत का? कोणतं पहिलं? ‘मॅडम, बीपी…’ हे. त्यांनी नव्हतं ऐकलं. ते तेव्हा सलाइनसाठी दुसरी लाइन घेत होते. म्हणजे त्यांच्यासमोर ती मुलगी अचानक उठून सर्जनला नाही म्हणाली होती. माझ्यासमोर ती आधी नम्रपणे बोलली, ते कुणाला ऐकू गेलं नाही, औषध भरायला सुरुवात झालेली दिसली, आणि मग आवाज चढवला. सिम्युलेशनच्या कोर्समध्ये ही पायरी-पायरीने चढण्याची पद्धत मुद्दाम शिकवतात: आधी विचारून बघा, मग धोका सांगा, मग थेट विरोध करा, आणि तरी नाही ऐकलं तर हात धरा. हिला ती कुणी शिकवलेली नव्हती. तिने सगळ्या पायऱ्या ॲम्प्यूल फुटेपर्यंतच्या वेळात चढल्या. हात मात्र सर्जनचा न धरता ज्युनियरचा धरला, ते मला फार शहाणपणाचं वाटलं.

मग मी त्यांना आणखी एक विचारलं. हेच वाक्य, ह्याच आवाजात, एखादा मुलगा म्हणाला असता तर? ते जरा थांबले. म्हणाले, ‘तीन दिले असते बहुतेक.’ आणि स्वतःच हसले. हे कबूल करायला धैर्य लागतं, म्हणून मला त्यांच्याशी भांडायला आवडतं.

फॉर्म भरणारे दोघं जुळत नाहीत हे काही आमच्याच इथलं दुखणं नाही. तो फॉर्म पारखण्यासाठी ५० अनुभवी भूलतज्ज्ञांना थोडं शिकवून आठ व्हिडिओ प्रसंग दाखवले होते आणि गुण द्यायला लावले होते, तेव्हाही सगळ्यांचे आकडे एक नव्हते. २०१० साली ऑस्ट्रेलियातल्या काही जणांनी एका दिवसाच्या प्रशिक्षणात हे जमतं का ते बघितलं, तर तेवढ्याने भागत नाही असंच निघालं. आणि आमच्याकडे प्रशिक्षण म्हणजे काय, तर व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ आली आणि खाली सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले.

विमानांचं उदाहरण या विषयात सगळेच देतात, मीही देते, कारण त्यातला एक तपशील बहुतेक जण गाळतात. २७ मार्च १९७७, टेनेरिफच्या विमानतळावर धुकं, दोन जम्बो विमानं एकाच धावपट्टीवर. डच विमानाच्या कॅप्टनने परवानगी नसताना उड्डाण सुरू केलं आणि दोन्ही विमानं आदळली. ५८३ माणसं मेली. डच कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनियरने शंका काढली होती की ते दुसरं विमान अजून बाजूला झालेलं नाही का. कॅप्टनने ती उडवून लावली. इथवर सगळे सांगतात. गाळलेला भाग असा की हा कॅप्टन त्या कंपनीत इतर वैमानिकांना शिकवणारा मुख्य माणूस होता, आणि शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची जम्बोची परीक्षा दोनेक महिन्यांपूर्वीच त्यानेच घेतलेली होती. ज्याने पास केलं त्याला थांबवायचं कसं?

आमच्या ओटीत रोज हेच असतं. थिसिसवर सही करणारा, इंटर्नल मार्क देणारा, रजा मंजूर करणारा, सगळा एकच माणूस आणि तो डोक्याशी उभा. त्याच्यासमोर ‘ठामपणा’ दाखव असं मुलीला सांगायचं, आणि तो दाखवला की त्यानेच गुण द्यायचे.

म्हणून त्या केसनंतर मी एक उद्योग केला. त्या जेआर टूचे आधीचे सगळे फॉर्म काढले आणि प्रत्येकावर ती केस सर्जन लोकांच्या कोणत्या युनिटची होती ते पेन्सिलीने लिहिलं. ठामपणाच्या ओळीत काही युनिटांबरोबर तिला ३ आणि ४. एका युनिटबरोबर सलग २, १, ‘दिसलं नाही’, परत २. मुलगी तीच. मग इतर मुलांचे फॉर्म लावून बघितले, त्या युनिटबरोबर सगळेच मुके. तेव्हा ती ओळ मी मुलांची म्हणून वाचणं सोडलं. बाकी १४ ओळी मुलाबद्दल सांगतात असं मानायला माझी हरकत नाही, पण या ओळीतला आकडा खोलीतल्या सगळ्यात मोठ्या माणसाचा असतो आणि आपण तो सगळ्यात लहान माणसाच्या नावावर चढवतो. त्या रात्री ‘हां, बरोबर’ म्हणणाऱ्या सर्जन मॅडमचा त्या ४ मध्ये निम्मा वाटा होता. त्यांना तसं सांगितलंही मी. त्या म्हणाल्या, ‘मला तेव्हा काही सुचत नव्हतं गं, बरं झालं बोलली.’ हे वाक्य मी त्या मुलीला तसंच्या तसं पोचवलं.

आवाजाचा दुसरा घोटाळा याच्या उलट आहे. आमच्याकडे एक मुलगा आहे, मोठ्या शहरातून आलेला, इंग्रजी फाडफाड. ओटीत सगळ्या सूचना मोठ्याने देतो, दिलेली सूचना समोरच्याकडून परत वदवून घेतो, अगदी कोर्समध्ये शिकवतात तसं. नवीन लेक्चरर लोक त्याला डोळे झाकून चार-चार देतात. मी एकदा त्याची केस सुरुवातीपासून बघितली. मॉनिटर लावला, औषधं भरली, लेबलंही लावली. सक्शन सुरू करून बघितलं नाही. बूजी (ट्यूब अवघड गेली तर लागणारी लवचिक काडी) कुठे आहे ते बघितलं नाही. मी काही बोलले नाही, फक्त इंडक्शनच्या (भूल सुरू करण्याच्या) आधी सक्शनच्या नळीकडे बघत राहिले. त्याला कळलं नाही, ओटीतल्या मामांना कळलं. त्यांनी गुपचूप येऊन बटण दाबलं, नळी उशीखाली खोचली आणि निघून गेले. आखणी आणि तयारीच्या ओळीत मी २ दिले. मामांना कोणत्या ओळीत द्यायचे ते कळेना.

या उलट धडगावची एक मुलगी आहे, जिचा आवाज मास्कमधून मलाही नीट ऐकू येत नाही. सगळे म्हणतात ‘शांत आहे’, आणि आमच्याकडे शांत म्हणजे कमी गुण. तिला मी भूल देण्याआधीची तपासणी करताना बघितलं. हर्नियाची एक म्हातारी, वॉर्डातून ‘उपाशी’ असं लिहून आलेली. इतर मुलं विचारतात, ‘आजी, काही खाल्लंय का?’ आजी म्हणणार नाही, झालं. ही खाली वाकली आणि अहिराणीत म्हणाली, ‘आज सकायले काय खादं, माय?’ आजी म्हणाली, ‘काहीच नई वं बेटा, नुसता च्या लिधा.’ किती? दोन कप. आणि त्याबरोबर चार बिस्किटं, कारण नुसत्या चहाने पित्त होतं. दुधाच्या चहाला सहा तास थांबावं लागतं. केस दुपारवर गेली, सर्जन चिडले, लिस्ट उलटीपालटी झाली. हिने सर्जनना जाऊन सांगितलंही त्याच बारक्या आवाजात, पण सांगितलं. अहिराणी तिची घरची नाही. घरी पावरी बोलतात. ती इथे येऊन पेशंटसाठी शिकली.

‘माहिती गोळा करणं’ या ओळीत हे बसतं. अक्कलकुव्याकडचा पेशंट आला की सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) विचारायचं, विचारून झालं की सलाइन कोमट ठेवायचं, पेशंट गार पडू द्यायचा नाही, ऑक्सिजन कमी पडू द्यायचा नाही, हे ‘पुढचा अंदाज’ या ओळीत बसतं. यातलं काहीच मोठ्या आवाजात होत नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून फॉर्म भरणाऱ्याला ते दिसणारही नाही. बघायचं असेल तर वॉर्डात जावं लागतं, आणि वॉर्डात जायला आम्हाला वेळ नसतो.

मदत मागण्याबद्दल थोडं. फॉर्मात ‘उपलब्ध साधनं ओळखून वापरणं’ अशी ओळ आहे, आणि रात्री सिनियरला फोन करणं हे त्यातलं पहिलं साधन. जेआर वनने दोनला फोन केला तर पलीकडून काय उत्तर येतं हे ज्याने त्याने आठवावं. ‘आधी नीट बघ ना.’ ‘हे पण मीच सांगू?’ दोनदा असं ऐकलेलं पोरगं तिसऱ्यांदा फोन करत नाही, आणि मग सकाळी आपण म्हणतो, याला मदत कधी मागावी ते कळत नाही. आता मी फोनवर पहिलं वाक्य ठरवून टाकलंय, ‘बरं केलंस फोन केलास, सांग.’ झोपेतसुद्धा निघतं. थकवा, झोप, उन्हाळ्यात बंद पडणारा ओटीचा एसी, यांना फॉर्ममध्ये ओळ नाही. सलग ड्यूटीच्या शेवटी भरलेल्या फॉर्मवर मी ते वर लिहून ठेवते.

सध्या आम्ही काय करतो ते सांगते, कुणाला आपल्याकडे करायचं असेल तर.

आकडा शेवटी. आधी वाक्यं लिहायची, तीही दिसलेली आणि ऐकलेली. ‘लीडरशिप चांगली’ असं लिहिलं की मी फॉर्म परत करते. ‘सक्शन तपासलं नाही’, ‘जेआर वनचा हात धरला आणि कारण सांगितलं’, असं चालतं. केस संपल्यावर त्याच दिवशी, मुलासमोर बसून, आणि पहिल्यांदा मुलानेच स्वतःला गुण द्यायचे. बहुतेक मुली स्वतःला एक कमी देतात, बहुतेक मुलगे एक जास्त. (अपवाद आहेत, रागावू नका.) पहिल्या वर्षी आकडा नाहीच. ज्याला अजून स्पायनलची सुई कुठे जाते ते कळत नाही त्याचं लक्ष सुईवर असणार, खोलीवर कुठून असेल? आणि हे गुण इंटर्नल मार्कांत धरायचे नाहीत, यावर मी विभागात हटून बसले. धरले की मुलं फॉर्मसाठी वागायला लागतात, आणि आम्हीही सगळ्यांना तीन देऊन मोकळे होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ओटी सिस्टरनाही फॉर्म देतो, आपल्या सोयीचा, मराठीत, पाच ओळींचा. यावर विभागात कुरकुर झाली. डॉक्टरांची परीक्षा सिस्टर घेणार का? मी त्यांना इंग्लंडमधली एलेन ब्रोमिलीची केस सांगितली. २००५ साली सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी भूल दिली, श्वासमार्ग मिळेना, तीन अनुभवी डॉक्टर ट्यूब टाकायचा प्रयत्न करत राहिले. एका नर्सने ट्रेकिओस्टॉमीचा (गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करायचा) सेट आणून ठेवला आणि आणल्याचं सांगितलंही. दुसरीने आयसीयूत बेडची सोय केली, पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून आपण उगाच घाई केली असं वाटून ती रद्द केली. खोलीत काय चाललंय हे नर्सना कळलं होतं. त्या बाई वाचल्या नाहीत. त्यांचा नवरा मार्टिन ब्रोमिली स्वतः वैमानिक, त्याने पुढे याच कामासाठी क्लिनिकल ह्युमन फॅक्टर्स ग्रुप उभा केला. कुरकुर थांबली असं नाही, पण फॉर्म सुरू झाले. आमच्या इनचार्ज सिस्टरनी त्या फाडफाड इंग्रजीवाल्या मुलाबद्दल एकच ओळ लिहिली होती: ‘सर नाव न घेता ए सिस्टर म्हणतात, कोणती ते कळत नाही, मग कुणीच जात नाही.’ आम्ही मास्तर लोकांनी इतके फॉर्म भरले, हे आमच्या एकाच्याही डोळ्यांना दिसलं नव्हतं. त्याला दाखवलं. कान लाल झाले त्याचे. आता ऑपरेशनच्या आधी, डब्ल्यूएचओच्या चेकलिस्टमध्ये जो सगळ्यांनी आपापलं नाव सांगायचा भाग असतो आणि जो सगळे टाळतात, तो भाग हा मुलगा न टाळता करतो. सर्जन लोक कंटाळतात. कंटाळू देत.

त्या एका मुक्या युनिटचं काय करायचं हा प्रश्न राहिलाच आहे. सर्जनसाठीही ॲबर्डीनच्याच लोकांनी असा फॉर्म केलेला आहे, नॉट्स नावाचा, त्यात नेतृत्व हा वेगळा भाग आहे. मी सर्जरीच्या विभागप्रमुखांना सुचवलं की दोन्ही विभागांनी एकाच केसमध्ये आपापले फॉर्म भरून बघू, आणि सुरुवात रेसिडेंटपासून न करता आपल्यापासून करू. त्यांनी नाही म्हटलं नाही. ‘बसू एकदा’ म्हणाले. गुरुवारी बसायचं ठरलं होतं, गुरुवारी त्यांची लिस्ट संध्याकाळी सातपर्यंत चालली. पुढच्या गुरुवारी माझी परीक्षेची ड्यूटी आहे, नंतर बघू. दरम्यान ती जेआर टू, आता जेआर थ्री, त्या युनिटला पोस्टिंगला गेली आहे, आणि मी तिच्याऐवजी त्या खोलीच्या नावाने एक कोरा फॉर्म करून ठेवला आहे.